वरून प्रिंट जाते, पण खालून एनएएस उघडत नाही. शिवाय वर वेग ९४ च्या पुढे जात नाही

जोडकेबल:

नमस्कार. दोन मजल्यांचं छोटं ऑफिस आहे. मांडणी अशी:

खाली फायबरचा राउटर, पत्ता १९२.१६८.१.१. त्याला सोळा पोर्टांचा साधा स्विच. त्यावर सात पीसी आणि प्रिंटर (१९२.१६८.१.६०). वर दुसरा राउटर आहे आणि त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरचं नेटवर्क जोडायच्या पोर्टात) खालून आलेली साधारण ३५ मीटरची कॅट ६ केबल लावली आहे. वरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.०.१. त्याच्यामागे आणखी एक स्विच, सहा पीसी, वायफाय आणि एनएएस, म्हणजे सगळ्यांच्या फाइली ठेवायची नेटवर्कवरची डिस्क (१९२.१६८.०.५०).

तक्रारी तीन:

१. वरच्या पीसीवरून खालच्या प्रिंटरवर प्रिंट व्यवस्थित जाते. खालून मात्र एनएएस उघडत नाही, पिंगही लागत नाही.

२. प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे. खाली २९० मिळतात, वर वायर लावूनसुद्धा ९४. वरची लिंक मध्येच दोन-तीन सेकंद जाते आणि परत येते. केबल टेस्टरवर १ ते ८ सगळे लाइट ओळीने लागतात, त्यामुळे केबलवर संशय नाही.

३. खालच्या एक-दोन पीसींना कधीकधी १९२.१६८.०.१०३ असा वरचा पत्ता मिळतो. गंमत म्हणजे तसं झालं की त्या पीसीवर एनएएस लगेच उघडतो.

दोन्ही राउटरच्या आणि पीसींच्या फायरवॉल बंद करून पाहिल्या, काही फरक नाही. वरचा राउटर बदलावा का?

तिसराथर:

राउटर बदलू नका. तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, आणि तिसरी तक्रार तुम्ही गंमत म्हणून लिहिली आहे तीच सगळ्यात कामाची आहे.

आधी पहिली. वरच्या पीसीला १.६० (पत्त्यातलं १९२.१६८ गाळून लिहितो) गाठायचा असतो. मास्क २५५.२५५.२५५.० असल्यामुळे (पहिले तीन आकडे सारखे असलेले पत्ते एका सबनेटमध्ये, म्हणजे एका गटात) तो पत्ता आपल्या सबनेटमधला नाही हे त्याला कळतं आणि तो पॅकेट गेटवेला, म्हणजे ०.१ ला देतो. त्या राउटरचा एक पाय वॅन पोर्टातून खालच्या नेटवर्कमध्ये आहे. त्याला खालून १.१४ असा काहीतरी पत्ता मिळालेला असणार. नॅट करताना तो पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून १.१४ करतो. प्रिंटरला वाटतं शेजारचाच कोणी बोलतोय, तो सरळ उत्तर देतो. काम झालं.

आता उलट दिशा. खालचा पीसी ०.५० साठी पॅकेट १.१ ला देतो. १.१ च्या राउटिंग टेबलात दोनच कामाच्या ओळी आहेत: १९२.१६८.१.०/२४ (/२४ म्हणजे तोच २५५.२५५.२५५.० मास्क) स्वतःच्या लॅनवर, म्हणजे आतल्या नेटवर्कवर, आणि बाकी सगळं डिफॉल्ट रूटने इंटरनेट कंपनीकडे. ०.५० पहिल्या ओळीत बसत नाही, म्हणून पॅकेट चक्क बाहेर जातं, आणि १९२.१६८ हा खाजगी पत्ता असल्यामुळे पुढे कुठेतरी टाकून दिलं जातं. ते वरच्या मजल्यावर पोचतच नाही, मग तिथली फायरवॉल चालू असली काय नि बंद असली काय. खालच्या पीसीवर हे चालवा:

ट्रेसर्ट -डी १९२.१६८.०.५०

पहिली ओळ १९२.१६८.१.१ येईल. दुसऱ्या ओळीत कंपनीकडचा पत्ता किंवा नुसते तारे दिसले तर वर सांगितलं तेच घडतंय. (-डी दिलं की नावं शोधण्यात वेळ जात नाही.) फायरवॉली परत चालू करा, विनाकारण उघड्या ठेवू नका.

आता तिसरी. डीएचसीपीची, म्हणजे आपोआप पत्ता मिळवायची, मागणी ब्रॉडकास्टने (सगळ्यांना एकदम हाक मारून) जाते, आणि राउटर ब्रॉडकास्ट वॅनकडून लॅनकडे किंवा उलट जाऊ देत नाही. म्हणजे वरच्या राउटरने दिलेला पत्ता वॅनच्या वायरीतून खाली येऊच शकत नाही. तरी येतोय, तर दोनच शक्यता. तो पीसी वरच्या वायफायला चिकटत असेल, किंवा वरच्या लॅनपासून खालच्या स्विचपर्यंत दुसरी एखादी वायर आलेली असेल. आयपीकॉन्फिग /ऑल मध्ये बघा, ०.१०३ हा पत्ता इथरनेटखाली दिसतोय की वायफायखाली, आणि डीएचसीपी सर्व्हरच्या ओळीत कोण आहे. इथरनेटखाली असेल तर दुसरी वायर आहेच. दोन सर्व्हर एकाच तारेवर असले की ज्याची ऑफर आधी पोचते तिचा पत्ता पीसी घेतो, म्हणून हे रोज न होता कधीतरीच होतं.

ती वायर शोधायची युक्ती: ज्या पीसीला ०.१०३ मिळालाय त्यावर पिंग -टी १९२.१६८.०.१ चालू ठेवा आणि खालच्या स्विचमधला एकेक प्लग काढून परत लावत जा. त्या पीसीचा स्वतःचा प्लग सोडून जो काढल्यावर पिंग थांबेल, तीच ती. काम बंद असताना करा, नाहीतर सगळ्यांचं नेट हलेल.

आठतारा:

टेस्टरबद्दल. तो लाइटवाला टेस्टर फक्त तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तुटलेली नाही ना आणि योग्य पिनवर आहे ना, एवढंच बघतो. जोड्या बरोबर आहेत का, हे त्याला कळत नाही. आणि गिगाबिटला तेच सगळ्यात महत्त्वाचं.

९४ हा आकडाच बोलका आहे. १०० एमबीपीएसच्या लिंकवर टीसीपीला हातात पडतात ते साधारण ९४, आणि गिगाबिटवर ९४० च्या आसपास. म्हणजे ही लिंक १०० वरच जुळली आहे. आता ते केबलमुळे की पोर्टमुळे, हे आधी वेगळं काढा. बऱ्याच स्वस्त राउटरांचा वॅन पोर्टच १०/१०० चा असतो. वरच्या राउटरमधून केबल काढून गिगाबिट कार्डाच्या लॅपटॉपला थेट लावा आणि अडॅप्टरच्या स्टेटस खिडकीत स्पीड बघा. १.० जीबीपीएस दिसलं तर दोष राउटरच्या पोर्टात. १०० एमबीपीएस दिसलं तर केबल, किंवा खालच्या राउटरचा तो पोर्ट. पोर्ट बदलून एकदा खात्री करा.

केबलच निघाली तर दोन्ही टोकांचे प्लग भिंगाखाली धरा. प्लगची खिट्टी खाली, सोनेरी पिना वर, केबल आपल्याकडे, प्लगचं टोक पुढे. डावीकडून पिन १. ५६८बी या मानकाचा क्रम असा हवा:

पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

मधल्या चार पिनांवर लोक चुकतात. रंग ओळीने लावले (पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा) की दिसायला फार सुबक दिसतं, दोन्ही टोकांना तसंच केलं की टेस्टरही पास करतो. पण सिग्नलची एक जोडी ३ आणि ६ या पिनांवर असते. सुबक क्रमात ३ वर हिरव्या जोडीची तार येते आणि ६ वर निळ्या जोडीची. एकमेकींशी पीळ नसलेल्या दोन तारा एक सिग्नल वाहायला लागतात आणि पिळाचा सगळा फायदा जातो. क्रॉसटॉक, म्हणजे एका जोडीचा सिग्नल दुसरीत झिरपणं, वाढतो. १० आणि १०० एमबीपीएसला १, २, ३, ६ एवढ्याच पिना लागतात, तिथे ३५ मीटरवर रडतखडत चालून जातं. गिगाबिटला चारही जोड्या एकाच वेळी दोन्ही दिशांनी लागतात, तिथे मार खातं.

तुमची लिंक मध्येच जाते त्याचंही मूळ इथेच असू शकतं. दोन्ही बाजू आपापला वेग एकमेकींना सांगतात ते फक्त १-२ आणि ३-६ या जोड्यांवर. तिथे 'दोघेही गिगाबिट' असं ठरतं, मग चारही जोड्यांवर जुळवणी सुरू होते आणि फसते. चांगली चिप काही प्रयत्नांनंतर गुमान १०० वर उतरते. लिंक तुटली की हे चक्र पुन्हा पहिल्यापासून, आणि तेवढा वेळ लाइट विझलेला दिसतो. तपकिरी किंवा निळ्या जोडीतली एक तार नीट क्रिंप झाली नसेल तरी लक्षण हेच.

परत करताना: आवरण सोलल्यावर पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडू नका. आवरणाचं टोक प्लगच्या आत, क्रिंप करताना दबणाऱ्या पट्टीखाली गेलं पाहिजे. बाहेर राहिलं तर ताण थेट तारांवर येतो. भिंतीतली केबल एकतारी असेल तर प्लगही एकतारी केबलसाठीचाच घ्या, बहुतारी प्लगच्या पिना तिला नीट पकडत नाहीत. माझ्या मते तर भिंतीतल्या केबलला प्लग मारूच नये. दोन्हीकडे भिंतीवरच्या जॅकमध्ये तारा पंच करा आणि पुढे तयार पॅच कॉर्ड लावा.

तार चाकूने जरा खरवडूनही बघा. तांब्याखाली पांढरा धातू दिसला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची आहे. तिचा रोध जास्त असतो, ती वाकवली की तुटते, आणि पीओईवर (नेटवर्क केबलमधूनच वीज देऊन) कॅमेरे चालवायचे असतील तर ती गरम होते. तसली केबल कॅट ६ म्हणून विकली तरी ती त्या मानकात बसत नाही.

जोडकेबल:

दोघांचेही आभार. सगळं करून पाहिलं:

ट्रेसर्टमध्ये पहिली ओळ १.१, दुसरी कंपनीचा पत्ता, पुढे तारे.

०.१०३ हा पत्ता इथरनेटखालीच होता. प्लग काढत गेल्यावर अकराव्या पोर्टावर पिंग थांबलं. ती वायर भिंतीतल्या सॉकेटात जाते आणि वरच्या स्विचमध्ये निघते. कोणी, कधी लावली माहीत नाही.

लॅपटॉप पहिल्या केबलला लावला तर १००, खालचा पोर्ट बदलूनही १००. प्लग पाहिले, दोन्ही टोकांना रंग तुम्ही म्हणता तसेच 'सुबक' आहेत. दुसऱ्या वायरीला लॅपटॉप लावला तर १.० जीबीपीएस.

आता सगळ्यांना एकाच नेटवर्कमध्ये आणायचं तर वरच्या राउटरला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर (राउटिंग बंद, नुसतं वायफाय) टाकतो आणि दोन्ही वायरी राहू देतो, एक बॅकअप म्हणून. चालेल ना?

तिसराथर:

थांबा, दोन्ही वायरी ठेवून ते बटण दाबू नका!

आत्ता दोन वायरी असूनही नेटवर्क उभं आहे, कारण पहिली वायर वॅन पोर्टात आहे आणि वॅन-लॅनच्या मध्ये राउटिंग आहे. अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये वॅन पोर्ट बहुतेक राउटरांत लॅनचाच एक पोर्ट होतो. मग खालचं नेटवर्क, पहिली वायर, वरचा राउटर, वरचा स्विच, दुसरी वायर आणि परत खालचा स्विच असं पूर्ण वर्तुळ तयार होईल. आयपी पॅकेटला टीटीएल असतो, दर राउटरवर एकाने कमी होतो, त्यामुळे चुकलेलं पॅकेट कधीतरी मरतं. इथरनेट फ्रेमला असं काहीच नसतं. एक एआरपी ब्रॉडकास्ट ('हा पत्ता कोणाचा?' अशी हाक) त्या वर्तुळात फिरतच राहील, त्याच्यावर दुसरा, तिसरा, आणि काही सेकंदांत सगळ्या पोर्टांचे लाइट एकत्र थयथयाट करायला लागतील. स्पॅनिंग ट्री असलेला स्विच एक पोर्ट स्वतःहून बंद ठेवून हे टाळतो, पण साध्या स्विचमध्ये ते नसतं. बॅकअप वायर हवी तर भिंतीत असू द्या, प्लग काढून, वर चिठ्ठी लावून.

तुमचं नशीब चांगलं आहे. चांगली वायर आधीच वरच्या स्विचमध्ये लागलेली आहे, त्यामुळे नवीन काही ओढायचं नाही. फक्त क्रम पाळा:

१. सगळ्यात आधी एनएएस. त्याच्या सेटिंगमध्ये ०.५० हाताने भरलेला असेल तर तो बदलून १९२.१६८.१.५० करा, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे आणि डीएनएस १९२.१६८.१.१. दुसरी वायर जोडलेली असल्यामुळे तो लगेच खालच्या पीसींना दिसायला लागेल. हे शेवटी ठेवलंत तर वरचं ०.० नेटवर्क गेल्यावर एनएएसचं पान उघडायला लॅपटॉपला हाताने ०.० चा पत्ता देत बसावं लागेल.

२. वरच्या राउटरची पहिली वायर वॅनमधून काढा. स्विचकडे जाणारी वायरही तात्पुरती काढा. एकटा लॅपटॉप त्याच्या लॅन पोर्टात.

३. वायफायचं नाव-पासवर्ड लिहून घ्या. लॅनचा पत्ता ०.१ बदलून १९२.१६८.१.२ करा. वॅनची वायर आधी काढायची ती यासाठीच: वॅनवर १.० चं नेटवर्क असताना लॅनलाही तेच द्यायला बरेच राउटर नकार देतात. पान बंद पडेल, ते १९२.१६८.१.२ वर परत उघडा. लॅपटॉपने नवा पत्ता घेतला नाही तर त्याची वायर काढून घाला.

४. मग डीएचसीपी सर्व्हर बंद करा आणि सेव्ह करा. इथे अ‍ॅक्सेस पॉइंट मोडचं बटण लागतच नाही. वॅन पोर्ट रिकामा ठेवायचा, बस.

५. आता स्विचकडची वायर परत लॅन पोर्टात. वरचे पीसी रीस्टार्ट करा, किंवा आयपीकॉन्फिग /रिलीज आणि मग /रिन्यू.

खालच्या राउटरच्या डीएचसीपीची रेंज १.१०० ते १.२५० ठेवा, म्हणजे १.२, १.५० आणि १.६० तिच्या बाहेर राहतील. खाली-वर मिळून तेरा पीसी, त्यात सगळ्यांचे फोन. १५१ पत्ते पुरून उरतात. वायफाय दोन्हीकडे एकाच नावाने ठेवलंत तर २.४ गिगाहर्ट्‌झला चॅनल वेगळे द्या, एक १ वर आणि दुसरा ६ किंवा ११ वर.

राउटराव:

सगळ्यांना एका सबनेटमध्ये ओतायची घाई का? वरचं नेटवर्क वेगळं राहू द्या. चांगली वायर वॅनला लावा, वरच्या राउटरवर नॅट बंद करा, वॅनला पक्का पत्ता १.२ द्या आणि खालच्या राउटरवर एक स्टॅटिक रूट टाका: १९२.१६८.०.०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.२. /२४ ची ही ओळ डिफॉल्टपेक्षा जास्त नेमकी, म्हणून तीच जिंकेल. ब्रॉडकास्ट वेगळे, मजले वेगळे.

तिसराथर:

राउटराव, कागदावर बरोबर, पण या मांडणीत तीन ठिकाणी अडेल.

एक, फायबर कंपनीच्या राउटरमध्ये स्टॅटिक रूटचं पान असेलच असं नाही. असलं तरी काही राउटर फक्त स्वतःच्या लॅनच्या पत्त्यांचंच नॅट करतात. वरचं नॅट बंद केलं की ०.० चे पीसी एनएएस-प्रिंटर बघतील, पण त्यांचं इंटरनेट जाईल.

दोन, आणि हा खरा चकवा आहे: जाण्याचा नि येण्याचा रस्ता वेगळा होतो. खालचा १.२५ पॅकेट १.१ ला देतो, १.१ ते १.२ ला देतो, ते एनएएसला पोचतं. उत्तर मात्र १.२ थेट १.२५ ला देतो, कारण दोघं एकाच सबनेटवर आहेत. मधल्या १.१ ने सुरुवातीचं सिन (जोडणीची विनंती) पाहिलं, त्याला आलेलं उत्तर, सिन-अ‍ॅक पाहिलंच नाही. पुढचं अ‍ॅक आलं की त्याची फायरवॉल म्हणते हे कनेक्शन मला माहीत नाही, आणि टाकून देते. लक्षण फार फसवं असतं: पिंग मस्त लागतं, पण फोल्डर उघडत नाही. १.१ ने आयसीएमपी रीडायरेक्ट ('थेट १.२ कडे जा' असा निरोप) पाठवलं आणि पीसीने ते मानलं तर चालून जातं, म्हणजे एका पीसीवर चालतं आणि दुसऱ्यावर नाही. अशा गोष्टी शोधताना माणूस रडकुंडीला येतो.

तीन, विंडोज फायरवॉलचे फाइल शेअरिंग आणि पिंगचे नियम प्रायव्हेट प्रोफाइलवर मुळात स्वतःच्या सबनेटपुरतेच असतात. एनएएसला फरक पडत नाही, पण मजल्यांमध्ये पीसी-पीसी शेअरिंग असेल तर प्रत्येक पीसीवर नियम उघडावा लागेल.

मजले खरंच वेगळे ठेवायचे असतील तर दोन राउटरांच्या मध्ये पीसी नसलेलं स्वतंत्र छोटं नेटवर्क हवं, उदाहरणार्थ १०.१०.१०.०/३०. त्यात वापरता येणारे पत्ते दोनच, १ आणि २, दोघं राउटरच. त्यासाठी खालच्या राउटरला एक पोर्ट वेगळा काढून देता आला पाहिजे, नाहीतर व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी नेटवर्कं) समजणारा स्विच लागेल. तेरा पीसींसाठी एवढा खटाटोप मला जास्त वाटतो. हिशेबाचे पीसी वेगळे ठेवायचे, असं काही कारण असेल तर गोष्ट वेगळी.

राउटराव:

परतीच्या रस्त्याचा मुद्दा मान्य. पण पाहुण्यांच्या फोनसाठी तरी वेगळं नेटवर्क ठेवा.

तिसराथर:

ठेवायलाच हवं, पण एक लक्षात घ्या. असा लॅनमधून टांगलेला राउटर गेस्ट वायफाय दाखवतो, तरी बऱ्याच मॉडेलांत ते फक्त राउटर मोडमध्येच खरोखर वेगळं असतं. फोन गेस्टला जोडून १.६० आणि १.५० ला पिंग करून पाहा. लागलं तर वरचं गेस्ट बंद करा आणि पाहुण्यांना खालच्या राउटरचंच द्या.

जोडकेबल:

सगळं क्रमाने केलं. खालून एनएएस उघडतो, वर वायरने २८८ येतात, आणि ०.० चा पत्ता आता कोणालाच मिळत नाही. एकच अडचण: वरच्या दोन पीसींवर एनएएसचा ड्राइव्ह लाल फुलीसह दिसतो.

आठतारा:

तो ड्राइव्ह जुन्या ०.५० या पत्त्यावर मॅप केलेला असणार. डिस्कनेक्ट करून १.५० वर परत मॅप करा. पासवर्ड विचारेल, कारण साठवलेला पासवर्ड जुन्या पत्त्याच्या नावावर आहे. क्रेडेन्शियल मॅनेजरमधून ती जुनी नोंदही काढून टाका.

आणि पहिल्या केबलचे दोन्ही प्लग कापून परत ५६८बी ने करून ठेवा, दुसरीला काही झालं तर ती हाताशी असेल. केल्यावर टेस्टरवर थांबू नका. दोन्ही टोकांना दोन लॅपटॉप लावा, स्पीड १.० जीबीपीएस दिसतोय का बघा, दोघांना १०.०.०.१ आणि १०.०.०.२ असे पत्ते हाताने देऊन दहा मिनिटं आयपर्फ (वेग मोजायचा प्रोग्रॅम) चालवा. ९३०-९४० स्थिर आले तर केबल चांगली. आकडा वर-खाली होत असेल तर प्लग परत करा, आणि केबल छतात ट्यूबलाइटच्या चोकवरून किंवा वीजवायरींना चिकटून गेली आहे का तेही बघा. वीजवायर ओलांडायचीच असेल तर काटकोनात.